ढग ओळखायचा कसा आणि फोटोत धरायचा कसा?

पुण्यातल्या एका हौशी फोटोग्राफरचा प्रश्न थोडक्यात असा: "ढगांचे फोटो काढतो, पण नाव सांगता येत नाही. एकाच फोटोला एक ॲप सिरोक्युम्युलस म्हणतं, दुसरं अल्टोक्युम्युलस. पावसाळ्यात तर सगळं आभाळच राखाडी, त्यात ओळखायचं काय? आणि डोळ्यांना इतका छान दिसलेला ढग फोटोत एकतर पांढराफटक येतो, नाहीतर मळकट. माझ्याकडे मोबाईल आहे आणि १८-५५ लेन्सचा जुना डीएसएलआर."

ॲपवर रागावू नका. त्याला तुम्ही जो फोटो दिलात, त्यावरून वेधशाळेतल्या जुन्या निरीक्षकालाही खात्रीने नाव सांगता आलं नसतं. चौकटभर नुसता ढग, खाली जमीन नाही, सूर्य कुठे आहे कळत नाही, वेळ माहीत नाही. ढगाचं नाव आकारावरून पडतं असं वाटतं, पण निम्मा निकाल उंची लावते. उंची फोटोत दिसत नाही, ती इतर खुणांवरून ताडावी लागते. म्हणून ओळखणं आणि फोटो काढणं ही दोन कामं मी वेगळी मानत नाही. ज्या फोटोत त्या खुणा आल्या, त्यातला ढग ओळखता येतो, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तोच फोटो दिसायलाही बरा असतो.

आधी चौकट समजून घ्या. ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या औषध-व्यावसायिकाने १८०२ साली एका व्याख्यानात ढगांना लॅटिन नावं दिली, त्यांवरच आजची पद्धत उभी आहे. जागतिक हवामान संघटनेचा ढगांचा ॲटलास (पहिली आवृत्ती १८९६ची, ताजी २०१७ची, आणि ती इंटरनेटवर फुकट पाहता येते) दहा मुख्य प्रकार मानतो. उंचावरचे तीन: सिरस, सिरोक्युम्युलस, सिरोस्ट्रेटस. मधले: अल्टोक्युम्युलस, अल्टोस्ट्रेटस, निंबोस्ट्रेटस. खालचे: स्ट्रेटोक्युम्युलस, स्ट्रेटस, क्युम्युलस. दहावा क्युम्युलोनिंबस, ज्याचा पाया खाली असतो आणि डोकं सगळ्यांच्या वर. एक सावधगिरी मात्र हवी. बाजारात मिळणारे तक्ते बहुधा युरोप-अमेरिकेच्या आभाळाचे असतात. तिथे उंच ढग ५ ते १३ किलोमीटरवर धरतात. आपण उष्ण कटिबंधात आहोत, आपलं हवामान घडवणारा थर जास्त जाड आहे. आपल्याकडे खालचे ढग २ किलोमीटरपर्यंत, मधले २ ते ८ आणि उंच ६ ते १८ किलोमीटर असं धरतात. म्हणजे ६ ते ८च्या पट्ट्यात मधले आणि उंच दोन्ही असू शकतात. तुमची दोन ॲप्स भांडतात ती नेमकी इथेच.

तो वाद सोडवायला बोटं पुरतात. हात सरळ लांब करा. करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मधली तीन बोटं जुळवली की पाच अंश, मूठ दहा अंश. क्षितिजापासून तीन मुठी वर, म्हणजे तीस अंशांच्या वर असलेला ढग निवडा, कारण त्याखाली सगळेच पुंजके दूर असल्यामुळे बारीक दिसतात. एकेक पुंजका करंगळीआड झाकला गेला तर सिरोक्युम्युलस. करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांआड जातो तो अल्टोक्युम्युलस. तीन बोटांनाही पुरून उरला तर स्ट्रेटोक्युम्युलस. दुसरी खूण सावलीची: सिरोक्युम्युलसच्या कणांना स्वतःची सावली नसते, सगळे एकसारखे पांढरे. पुंजक्याची एक कड जरा करडी दिसली, की तो अल्टोक्युम्युलस समजा. खरा सिरोक्युम्युलस कमी दिसतो आणि फार वेळ टिकत नाही. लोक ज्याला तो म्हणून फोटो टाकतात, त्यातले बरेचसे अल्टोक्युम्युलसच असतात.

हाच हिशेब फोटोवरही करता येतो. तुमचा डीएसएलआर क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा आणि २४ मेगापिक्सेलचा असेल, तर १८ मिलिमीटरला काढलेल्या फोटोच्या मध्यभागी साधारण ८० पिक्सेल म्हणजे एक अंश. पुंजका ८० पिक्सेलच्या आत मावतो की ४००पर्यंत जातो, हे घरी बसून मोजा. मात्र फोटो कापायचा नाही आणि झूम किती होता ते माहीत हवं. मी मूळ फाइल कधीच कापत नाही, ती तशीच ठेवतो आणि दाखवायला वेगळी प्रत करतो.

चादरीसारखे पसरलेले दोन ढग ओळखायला सोपे आहेत, तरी लोक गोंधळतात. सिरोस्ट्रेटस बर्फाच्या स्फटिकांचा आणि पातळ असतो. त्यातून ऊन येतं, जमिनीवर तुमची सावली पडते आणि पुष्कळदा सूर्याभोवती खळं दिसतं. या खळ्याची त्रिज्या २२ अंश असते, हात लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली की होणाऱ्या वितीएवढी. अल्टोस्ट्रेटस जाड असतो. त्यातून सूर्य घासलेल्या काचेतून दिसावा तसा दिसतो, सावली पडत नाही, खळंही नाही. चंद्राभोवती अगदी लगटून छोटं रंगीत वलय दिसलं तर ते खळं नव्हे. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे पडतं आणि बहुधा पातळ अल्टोक्युम्युलसमध्ये दिसतं. खळं पूर्ण चौकटीत घ्यायला ४४ अंश लागतात. तुमच्या १८ मिलिमीटरला आडव्या फोटोची उंची जेमतेम ४७ अंशांची, म्हणजे सूर्य बरोबर मध्यभागी ठेवला तरच अख्खं वर्तुळ मावतं. सूर्य विजेच्या खांबाआड किंवा नारळाच्या शेंड्याआड लपवा. व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे पाहू नका, मागचा स्क्रीन वापरा.

आता पावसाळ्याचा मुद्दा. "सगळं राखाडी" हे गाऱ्हाणं मी नेहमी ऐकतो आणि मला ते पटत नाही. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्याला जून ते सप्टेंबर ढगांची जी शाळा फुकट मिळते, ती इतर ठिकाणी नाही. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा काढली ती उगाच नाही. तिथे ढग जमिनीवर येतो आणि उपकरणं ढगाच्या पोटात बसून मोजमाप करतात.

राखाडी आभाळात पहिल्यांदा पाया शोधा. पाया किती उंच आहे याचा एक जुना आडाखा आहे: हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते) यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला १२५ने गुणा. येतं ते ढगाच्या पायाची जमिनीपासूनची मीटरमधली उंची. तापलेल्या जमिनीवरून उठलेल्या क्युम्युलसला हा आडाखा चांगला लागू पडतो, पसरलेल्या थराला ढोबळ. मे महिन्यात दुपारी ३६ अंश तापमान आणि १८ दवबिंदू असेल तर पाया सव्वादोन किलोमीटरवर. जुलैत २५ आणि २३ असेल तर फक्त अडीचशे मीटर. आता सिंहगड पाहा. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, गड १,३१२ मीटर, म्हणजे शहरापेक्षा साडेसातशे मीटर उंच. तापमान आणि दवबिंदूतला फरक सहा अंशांच्या आत आला की गडाचा माथा ढगात जायला लागतो. तुमच्या गच्चीवरून सिंहगड दिसत असेल तर ढग मोजायची पट्टी तुमच्याकडे आहेच. गडावरच्या मनोऱ्याच्या खाली पाया आला, पायथा दिसतो पण माथा नाही, असा एक फोटो दहा ॲप्सपेक्षा जास्त सांगतो. नाशिककडच्यांनी, सातारकरांनी आपापला डोंगर निवडावा.

विमानतळाचे मेटार अहवालही इंटरनेटवर दिसतात. त्यात तापमान, दवबिंदू, आभाळाच्या आठ भागांपैकी किती भाग झाकले आहेत आणि पाया किती फुटांवर आहे हे सगळं असतं. क्युम्युलोनिंबस असेल तर 'सीबी' असा वेगळा उल्लेख असतो. आपला अंदाज आधी वहीत लिहावा आणि मग अहवाल उघडावा. उलट क्रमाने केलं तर डोळा तयार होत नाही.

दुसरी गोष्ट, हालचाल बघा. पावसाळ्यात पुण्यावर खालचा वारा पश्चिमेकडून वाहतो, तोच पाऊस घेऊन येतो. पण बारा-पंधरा किलोमीटरवर वारं नेमकं उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरात धावत असतं. या पूर्वेकडच्या झोतवाऱ्याबद्दल भारतीय हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली लिहिलं. त्याचा तुम्हाला उपयोग असा: पावसाने उघडीप दिली, खालच्या ढगांत फट पडली की वरचे पांढरे धागे नीट पाहा. खालचे तुकडे सोलापूरच्या दिशेने पळत असतात आणि वरचा सिरस, फार उंच असल्यामुळे संथ वाटत, कोकणाकडे सरकत असतो. दोन थर दोन दिशांना गेले की उंचीबद्दल शंकाच उरत नाही. हिवाळ्यात मात्र उंच सिरस पश्चिमेकडून येतो. ही उघडीप दिसली की मी दुसरं काही न करता टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने फोटो काढून जोडलेली चित्रफीत) लावतो.

पाया आणि हालचाल कळली की नावं आपोआप पडायला लागतात. फुगीर पुंजक्यांची, फटी असलेली खालची चादर म्हणजे स्ट्रेटोक्युम्युलस. घाटमाथ्यावर हीच सर्वांत जास्त दिसते, आणि तिच्यातून भुरभुर पडते. कडा नसलेला, डोंगर गिळणारा एकसारखा पांढुरका थर म्हणजे स्ट्रेटस, आत गेलात की ते धुकं. सूर्य कुठे आहे हेही कळत नाही, पाऊस तासन् तास थांबत नाही आणि गडगडाट नाही, असं असेल तर निंबोस्ट्रेटस. त्याच्या खालून फाटक्या चिंध्या धावतात त्यांना वेगळा मुख्य प्रकार समजू नका. त्या पावसाने ओलावलेल्या हवेत तयार झालेल्या असतात. आणि काळा ढग म्हणजे पाण्याने जास्त भरलेला, हे खरं नाही. ढग जाड असला आणि आपण त्याच्या सावलीच्या बाजूला उभे असलो की तो काळा दिसतो. त्याच ढगाला सासवडचा माणूस त्याच वेळी पांढराशुभ्र म्हणत असेल.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, परीक्षा वेगळी. सकाळी सात-आठला मधल्या उंचीवर एका ओळीत छोटे बुरूज उगवलेले दिसले, तर तो कॅस्टेलॅनस जातीचा अल्टोक्युम्युलस. वरची हवा अस्थिर असल्याची ती खूण आहे. दुपारी बॅटरी चार्ज करून ठेवावी. पाऊस पडेलच असं नाही, पण वादळी ढग उठण्याची शक्यता चांगली असते. दुपारनंतर क्युम्युलस वाढतो. डोक्यावरच्या कडा फुलकोबीसारख्या टणक आणि रेखीव आहेत तोवर तो उंच वाढलेला क्युम्युलस, त्याला काँजेस्टस म्हणतात. ज्या क्षणी माथ्याच्या कडा विरघळल्यासारख्या मऊ होतात, तंतू दिसू लागतात, तिथे बर्फ झालं आणि तो क्युम्युलोनिंबस झाला. हा बदल दहा-वीस मिनिटांत होतो, आणि तो दाखवायला दोन फोटो लागतात. एकाने भागत नाही. वेगाने वर चढणाऱ्या डोक्यावर कधीकधी रेशमी टोपी येते, ती पायलियस. ती काही मिनिटांतच डोक्यात मिसळून जाते, तेव्हा दिसली की आधी क्लिक करा, मग विचार करा. पुढे माथा पसरून ऐरण होते. तिच्या पोटाखाली संध्याकाळी पिशव्यांसारखे लोंबते भाग दिसतात, त्यांचं लॅटिन नाव 'मामा'. वादळाचा जोर ओसरताना ते छान दिसतात.

पुणेकरांचं एक नशीब असं, की संध्याकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पूर्वेला दौंड-बारामतीकडे उठलेला ढग उन्हात न्हाऊन समोर. हवा स्वच्छ असेल तर शंभर किलोमीटरवरची ऐरण सहज दिसते. अशा ढगाला १८ मिलिमीटर लावलंत तर तो मुंगीएवढा येतो. ५५ला जा, जमल्यास कुणाची तरी २००-३००ची लेन्स मागून आणा. उलट डोक्यावर पसरलेल्या सिरसला १८ही अपुरं पडतं.

आता पांढराफटक आणि मळकट. दोन्हींचं कारण एकच. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं समजून उजेड मोजतो. चौकटीत काळपट जमीन जास्त असेल तर तो उजेड वाढवतो आणि ढगाचा पांढरा भाग जळून सपाट होतो. चौकट पांढऱ्या ढगाने भरली असेल तर तो उजेड कमी करतो, ढग मळका दिसतो. म्हणून एकच नियम पाठ करून उपयोग नाही. जमीन जास्त असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) अर्धा ते एक स्टॉप खाली, ढग जास्त असेल तर अर्धा-पाऊण वर. मग हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहा, उजव्या भिंतीला तो टेकायला आला पाहिजे, पण चिकटता कामा नये. उन्हातल्या क्युम्युलससाठी आयएसओ १००, एफ/८, १/५०० इथून सुरुवात करा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मध्येच काढा, कारण पांढऱ्यातले बारकावे तिथेच राहतात. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर कायम ठेवा. ऑटोवर ठेवलात तर संध्याकाळचा गुलाबी रंग कॅमेरा सुधारून टाकतो. मोबाईलवर ढगाच्या सर्वांत उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक झालं की उजेडाची खूण थोडी खाली ओढा. एवढ्यानेच निम्मे फोटो सुधारतील. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणं) मला ढगांसाठी आवडत नाही, राखाडी थरांत ते खोटं नाट्य आणतं.

फोकस ही बिनकडांच्या ढगांची अडचण. सपाट थरावर ऑटोफोकस नुसता पुढेमागे फिरतो. दूरच्या इमारतीवर किंवा डोंगराच्या कडेवर फोकस करा आणि मॅन्युअलवर टाका.

पोलरायझर फिल्टर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. निळ्या आभाळाचा प्रकाश ध्रुवित असतो, ढगाचा फारसा नसतो. फिल्टर निळा गडद करतो आणि पांढरा सिरस उठून येतो. सूर्यापासून नव्वद अंशांवर त्याचा जोर सर्वांत जास्त. इथे आपल्या अक्षांशाची गंमत आहे: मेच्या मध्यात पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा भर दुपारी सूर्य डोक्यावर असल्याने नव्वद अंशांचा पट्टा क्षितिजाभोवती चौफेर असतो. त्या दिवसांत दुपारच्या क्युम्युलससाठी तोंड कुठेही करा, फिल्टर काम करतो. सकाळ-संध्याकाळी मात्र उत्तर-दक्षिण बघा. १८ मिलिमीटरला आभाळ एकीकडे गडद, एकीकडे फिकं असं पट्टेदार होतं, म्हणून २८-३५वर राहा. पूर्ण झाकोळलेल्या दिवशी फिल्टर काढून ठेवा, नुसता उजेड खातो.

राखाडी दिवसाचा फोटो जमवायचा तर चौकटीत जमिनीची खूण हवी: मनोरा, डोंगर, भाताची खाचरं, काहीही. घरी आल्यावर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, रंग वाढवू नका. टाइमलॅप्सला खालच्या पळत्या ढगांसाठी ३ ते ५ सेकंदांचं अंतर, उंच सिरससाठी १० सेकंद. पाच सेकंदांच्या अंतराने वीस मिनिटं म्हणजे २४० फोटो, सेकंदाला २५ या वेगाने जवळपास दहा सेकंदांची चित्रफीत. सगळं मॅन्युअल, नाहीतर चित्रफीत लुकलुकते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या इंद्रवज्राबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगून टाकतो. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५च्या दख्खनच्या हवामानावरच्या लेखनात हे गोल इंद्रधनुष्य नोंदवलं आहे. सूर्य पाठीशी आणि ढग समोर, आपल्यापेक्षा खाली हवा. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे वेळ सकाळची. वलयाच्या मधोमध फोटो काढणाऱ्याचीच सावली असते, शेजारच्याला त्याची स्वतःची. ओल्या कड्यावर पोटावर झोपूनच बघा.

विजेबाबत मी ऐकून घेत नाही. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनने भागा, ते किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की ट्रायपॉड सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. गडमाथा, कासचं पठार, गच्ची या वादळाचे फोटो काढायच्या जागा नव्हेत. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर असू द्या. रात्री दूरची वीज खिडकीतून काढा: आयएसओ १००-२००, एफ/८, १०-१५ सेकंद, फोकस दूरच्या दिव्यावर.

पुढच्या वेळी नाव विचारायला फोटो पाठवाल तेव्हा तीन गोष्टी सोबत द्या: क्षितिज असलेला पूर्ण फोटो, तोच ढग दहा मिनिटांनी, आणि वेळ, तोंडाची दिशा, तापमान-दवबिंदू एका ओळीत. मोबाईलचं घड्याळ आणि कॅमेऱ्याचं घड्याळ जुळवून घ्या. जुन्या डीएसएलआरचं घड्याळ बहुधा मागेपुढे असतं, आणि मग हवामान खात्याच्या उपग्रह चित्राशी ताळा करताना फोटो भलत्याच वेळेच्या ढगाशी लावला जातो.